काळ्या मारबतीची बाकाबाई आणि आपण सांगतो तो नागपूरचा इतिहास

नागपुरात वारसाफेऱ्या नेणाऱ्या, स्मरणिका आणि माहितीफलक लिहिणाऱ्या, मारबतीच्या दिवशी माईकवरून शहराचा इतिहास ऐकवणाऱ्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवून शेवटी जाळायचे दोन मोठे पुतळे, समोरासमोर येतात. त्या गर्दीत एक गोष्ट हमखास कानावर पडते. भोसल्यांच्या घरातली बाकाबाई इंग्रजांना फितूर झाली, म्हणून लोकांनी तिच्या निषेधाची काळी मारबत काढायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तेच छापून येते, शाळेतल्या प्रकल्पवह्यांत तेच उतरते. कोणी पूतनेची कथा सांगतो, कोणी रोगराईची, पण बाकाबाईचे नाव घेतल्याशिवाय काळ्या मारबतीची ओळख पुरी होत नाही.

मारबत बंद करा असे सांगायला मी हे पत्र लिहिलेले नाही. काळी मारबत साधारण १८८०-८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. खोकला, ढेकूण, माशा, महागाई, सगळे ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत अख्खे शहर रस्त्यावर येते, तो दिवस मला मनापासून आवडतो. माझी तक्रार त्या एका वाक्याबद्दल आहे. दीडशे वर्षांच्या आसपास आपण एका बाईला दरवर्षी जाळतो आणि तिने नेमके काय केले, कोणत्या परिस्थितीत केले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येते. म्हणून आधी तिची हकीकत मांडते.

बाकाबाई ही दुसऱ्या रघुजीची राणी. १८१६ च्या मार्चमध्ये रघुजी वारला. गादीवर आला त्याचा मुलगा परसोजी, जो राज्य चालवण्याइतका धडधाकट नव्हता. दरबारात दोन गट पडले. एक बाकाबाईचा आणि धर्माजी भोसल्याचा, दुसरा परसोजीच्या चुलतभावाचा, म्हणजे अप्पासाहेबाचा. थोड्याच दिवसांत अप्पासाहेबाने धर्माजीला कैद केले आणि कारभार हातात घेतला. तो हातात राहावा म्हणून त्याने इंग्रजांशी बोलणी केली आणि मे १८१६ मध्ये इंग्रजांचा दरबारातला वकील, म्हणजे रेसिडेंट, जेन्किन्स याच्याबरोबर तैनाती फौजेचा तह केला. नागपूरच्या राज्यात इंग्रजांची फौज या तहाने आली. दुसऱ्या रघुजीने जे होऊ दिले नव्हते, ते या एका सहीने झाले. ती सही बाकाबाईची नव्हती.

पुढे फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. हा खून अप्पासाहेबानेच करवला, असे नंतर उघड झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २६ आणि २७ तारखेला अप्पासाहेबाच्या फौजेने सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी झुंज दिली आणि हरली. अप्पासाहेब पदच्युत झाला, कैदेतून निसटला, वणवण फिरला आणि शेवटी जोधपुरात वारला. सीताबर्डीच्या लढाईसाठी आपण त्याचे नाव आदराने घेतो, आणि त्या लढाईत जे मेले त्यांच्याबद्दल मलाही आदरच आहे. पण १८१६ चा तह कोणी केला, हे किल्ल्यावर माहिती सांगताना सांगितले जाते का? मी अनेकदा ऐकत उभी राहिले आहे. लढाई सांगितली जाते, तह एका ओळीत उरकला जातो आणि फितुरी मारबतीच्या दिवसासाठी राखून ठेवली जाते.

१८१८ मध्ये दुसऱ्या रघुजीच्या मुलीच्या मुलाला गादीवर बसवले, तो तिसरा रघुजी. पोर लहान होते. राजवाड्याची आणि पोराची जबाबदारी बाकाबाईकडे आली, राज्याचा कारभार मात्र जेन्किन्सने आपल्याकडे ठेवला. या काळात वाड्याच्या आत तिने काय निभावले असेल याची कल्पना करायला फार विद्वत्ता लागत नाही. नवरा गेलेला, सावत्र मुलाचा खून झालेला, टेकडीवर परकी फौज बसलेली, आणि हाताशी दहा वर्षांचे पोर. तिच्या तोंडचे शब्द आपल्यापर्यंत पोचतात ते बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांतून, म्हणजे तिच्याशी ज्यांचा व्यवहार होता त्यांच्याच लेखणीतून. हे लक्षात ठेवूनच ते कागद वाचायला हवेत.

तिसरा रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारला. औरस मुलगा नाही, म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राण्यांनी अर्ज केले, दत्तकाचा हक्क मागितला. त्याचा उपयोग झाला नाही. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत कवडीमोलाने विकले गेले, जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेले. वाड्यातले सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असे म्हाताऱ्या बाकाबाईने बजावल्याची हकीकत जॉन के या इंग्रज इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे. हे नागपूरच्या मुलांना का सांगत नाहीत? फितुरीची गोष्ट सांगता, तर वाडा पेटवायला निघालेल्या बाईचीही सांगा. दोन्ही एकाच बाईच्या आहेत.

मग आले १८५७. जूनमध्ये नागपुरात घोडदळाच्या पलटणीने उठावाचा बेत केला आणि तो फसला. त्या वेळी बाकाबाईने आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध जाऊ नका असे सांगितले. हे खरे आहे, गॅझेटियरमध्ये आहे, आणि मी ते झाकत नाही. तिने तसे का केले असेल? कामठीची इंग्रज लष्करी छावणी जवळ होती, राज्य आधीच गेले होते, घराणे पेन्शनीवर होते आणि दत्तकाचा प्रश्न लटकत होता. १८५८ मध्ये ती वारली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत दत्तक जानोजीला इंग्रजांनी मान्यता दिली आणि ‘देऊरचे राजाबहादूर’ हा किताब दिला. तिने घराणे वाचवले आणि उठावाला पाठ दाखवली. हा निर्णय चुकीचा होता असे म्हणायचा अधिकार कोणालाही आहे, आणि मलाही तो पटत नाही. पण त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या कितीतरी संस्थानिकांनी नेमके हेच केले आणि त्यांच्या नावाचे पुतळे कोणी जाळत नाही.

बाकाबाईला देवी करा, तिच्या नावाचा जयजयकार करा, असे मी म्हणत नाही. स्त्रियांच्या बाजूने इतिहास सांगायचा म्हणजे प्रत्येक राणीला वीरांगना ठरवायचे, असा एक समज अलीकडे पसरला आहे. मला तो मान्य नाही. चुकायचा, स्वार्थ पाहायचा, डावपेच करायचा हक्क इतिहासात पुरुषांना मिळतो. तो बायकांनाही मिळाला पाहिजे. फितूर आणि वीरांगना यांच्यामध्ये फार मोठी जागा आहे आणि खऱ्या बाया त्या जागेत जगल्या.

आता ८ मार्चच्या बॅनरांबद्दल. गेली काही वर्षे त्यांवर ‘इ‘ती’हास’ असे लिहिलेले दिसते, मधली ‘ती’ वेगळ्या रंगात. ही कल्पना चांगली आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या स्त्रीवादी बायकांनी, त्यात रॉबिन मॉर्गनचे नाव प्रामुख्याने घेतले जाते, ‘हिस्टरी’ची ‘हरस्टोरी’ केली. ग्रीक शब्दाचा ‘हिज’शी काही संबंध नाही असे पंडितांनी त्यांना लगेच ऐकवले. तसा संबंध नाही हे त्या बायकांनाही ठाऊक असणार. गोष्ट कोण कोणाबद्दल सांगते आहे, हे एका अक्षरात दाखवायची ती खटपट होती. आपल्याकडच्या बायकांनाही शब्दांशी असे खेळणे नवे नाही. उखाण्यात नाव घेताना, भुलाबाईच्या गाण्यांत सासरच्या माणसांना चिमटे काढताना त्यांनी हेच केले. आपल्या विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, तेव्हा बायकांवर ठेवले जाणारे एकेक दूषण उचलून तेच पुरुषांना लावून दाखवले. काळी मारबत नुकतीच निघायला लागली होती, त्याच सुमाराला. म्हणून बॅनरवरच्या खेळाला माझा विरोध नाही. पण त्या बॅनरखाली जो कार्यक्रम होतो, त्यात राणी लक्ष्मीबाई, जिजाऊ, सावित्रीबाई यांच्यावर भाषणे होतात आणि नागपूरची एकही बाई येत नाही. रंगीत ‘ती’ कोण आहे, हे आपल्याला आपल्याच गावात शोधावे लागेल.

शोधायला फार लांब जावे लागत नाही. नागपूर भोसल्यांकडे कसे आले ते बघा. बख्तबुलंद शहाने वसवलेल्या या गावात त्याचा मुलगा चांद सुलतान राज्य करत होता. १७३९ च्या सुमारास तो वारला, वलीशहाने गादी बळकावली, आणि चांद सुलतानच्या विधवेने वऱ्हाडातून पहिल्या रघुजीला मदतीला बोलावले. तिचे नाव रतनकुंवर. आपल्या बहुतेक पुस्तिकांत ती ‘राजाची विधवा’ एवढीच येते. शंभर वर्षांहून जास्त चाललेल्या भोसलेशाहीची सुरुवात एका गोंड राणीच्या राजकीय निर्णयाने झाली. तो निर्णय तिच्या वंशाला महाग पडला, ही पुढची गोष्ट. तीही सांगा, पण तिच्या नावाने सांगा.

राण्यांवर मी थांबले तर माझे पत्र अर्धवट राहील. नागपूरचा सगळ्यात मोठा स्त्रियांचा इतिहास राजवाड्यात घडला नाही.

२० जुलै १९४२. मोहन पार्क, नागपूर. अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेला जोडून त्या दिवशी दलित महिलांची परिषद भरली. वीस हजारांहून जास्त बाया आल्या. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले आणि समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे त्यांचे प्रसिद्ध म्हणणे त्याच भाषणातले. हे वाक्य आज भिंतींवर आहे, कॅलेंडरांवर आहे, प्रत्येक भाषणात आहे. ज्या बाया समोर बसून ते ऐकत होत्या, त्यांनी त्या दिवशी काय ठरवले ते मात्र कोणी सांगत नाही.

त्यांनी ठराव केले. कायद्याने घटस्फोटाचा हक्क मिळावा. पुरुषांनी एकाहून जास्त बायका करण्यावर बंदी यावी. गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकांत, रेल्वेत राबणाऱ्या बायांना हक्काची रजा, दुखापत झाली तर भरपाई, म्हातारपणी पेन्शन मिळावी. मुलींसाठी सरकारने वसतिगृहे काढावीत. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत बायांसाठी जागा राखून ठेवाव्यात. सुलोचनाबाई संततिनियमनावरही बोलल्या. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. पालिकांतले महिला आरक्षण १९९३ च्या घटनादुरुस्तीचे. नागपुरात झालेल्या या परिषदेने ते १९४२ मध्ये मागितले होते, आणि मागणाऱ्यांत अंगठा उठवणाऱ्या बाया होत्या, झाडू मारणाऱ्या होत्या, विड्या वळणाऱ्या होत्या. मला हे ठराव वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो. शहराच्या ओळखीत संत्री येतात, झीरो माईल येतो, टेकडीचा गणपती येतो. ही परिषद का येऊ नये?

तिच्या आधीचीही एक गोष्ट आहे आणि ती सांगताना आपल्याला थोडे अवघडून बसावे लागेल. १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात झाले. सुशिक्षित, सुधारक बायकांची ही संस्था. तिथे जेवणाच्या वेळी दलित बायांना वेगळे बसवले. त्यांत जाईबाई चौधरी होत्या. जाईबाई उमरेडच्या. जन्म १८९२. नागपूर ते कामठी ओझी वाहून त्यांनी पोट भरले, एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकल्या, शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते म्हणून सवर्णांनी गोंधळ केला तेव्हा नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी चोखामेळा कन्या शाळा काढली. अशा बाईला परिषदेत पंगतीबाहेर बसवले. त्या गप्प बसल्या नाहीत. काही दिवसांतच दलित बायांनी नागपुरात निषेधाची सभा घेतली. ‘ती’ एकच नाही, हे मला या गोष्टीने शिकवले. बायकांच्या बाजूने इतिहास सांगतो असे म्हणत आपण एकाच घरातल्या बायकांचा इतिहास सांगितला, तर ती पंगत पुन्हा मांडल्यासारखे होईल. हे सगळे आपल्याला कळते ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकासाठी गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायांना बोलते केले म्हणून. ते पुस्तक आपल्या प्रत्येक वारसाफेरीच्या पिशवीत असावे.

१९४२ च्याच ऑगस्टमध्ये, भारत छोडो आंदोलनात, चांदा जिल्ह्यातले चिमूर पेटले. लष्कराने तिथल्या बायांवर अत्याचार केले. नागपूरच्या बायका तिथे गेल्या, हकीकती ऐकल्या, नोंदवल्या. अनसूयाबाई काळे १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपाध्यक्ष होत्या आणि पुढे १९५२ आणि १९५७ ला नागपूरच्या खासदार. चिमूर-आष्टीच्या फाशीच्या कैद्यांसाठी त्या झगडल्या. विधानभवन दाखवताना त्यांचे नाव घ्यायला एक मिनिट लागते.

२३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीचा दर्जा मागणाऱ्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली. त्यांत बहुसंख्य बाया आणि पोरे होती. स्मारक आहे, उड्डाणपुलाला नाव आहे. पण गावावरून लेकरू कडेवर घेऊन त्या का निघाल्या होत्या, अनुसूचित जमातीच्या दाखल्याने त्यांच्या घरात काय बदलणार होते, हे त्यांच्या घरच्या बायांना विचारून लिहिलेले मला कुठे सापडत नाही.

आणि गिरणी. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले, म्हणून नाव एम्प्रेस. जमशेटजी टाटांची दूरदृष्टी, बेझनजी मेहतांचे व्यवस्थापन, यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. बेझनजींच्या नावाने बेझनबाग आहे. रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत उभ्या राहून सूत गुंडाळणाऱ्या बायांच्या नावाचा एक बोळही नाही. २००२ मध्ये गिरणी कायमची बंद झाली. त्या खात्यांत तरुणपणी कामाला लागलेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दर पावसाळ्यात त्यांतल्या काही कमी होतात. इथे मात्र मी तुम्हाला हात जोडून घाई करायला सांगते. बाकाबाईचे कागद दप्तरात आहेत, ते आणखी पन्नास वर्षे थांबतील. या बाया थांबणार नाहीत.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. काळ्या मारबतीची ओळख सांगताना १८१६ च्या तहापासून १८५८ पर्यंतची बाकाबाई सांगा. त्याला पाच मिनिटे पुरतात. सीताबर्डी किल्ल्याच्या माहितीत तो तह कोणी केला ते लिहा. २० जुलैला मोहन पार्कच्या परिसरात वारसाफेरी न्या आणि त्या परिषदेचे ठराव मोठ्याने वाचा. महापालिकेकडे मी वेगळा अर्ज देत आहे, त्या परिषदेच्या आणि जाईबाईंच्या नावाच्या फलकांसाठी. तुमच्यापैकी ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी अवश्य करावी.

आणि बेझनबागेत, इंदोऱ्यात, गिरणीकामगारांच्या वस्त्यांत टिपणे घ्यायला जाल तेव्हा एक विनंती. दारातून ‘मिलमध्ये कोण होते?’ असे विचारले की घरातला पुरुष पुढे येतो आणि बाई चहा करायला आत जाते. थेट तिलाच विचारा, तुम्ही कोणत्या खात्यात होता? पाळी किती वाजता लागायची, पोर कोणाजवळ ठेवायच्या, पगार कोणाच्या हातात पडायचा, संप झाला तेव्हा चूल कशावर पेटली, जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी, भांडण झाले तर कोण बाजूने उभे राहायचे? तिचे पूर्ण नाव लिहा, माहेरचेही. फोटो काढलात तर तिला त्याची प्रत द्या. माझ्या जुन्या विद्यार्थिनी या कामाला तयार आहेत, ध्वनिमुद्रणाची सोयही त्यांनी केली आहे. तुमच्यापैकी कोणी वस्त्यांची ओळख करून दिली तर येत्या दिवाळीआधी सुरुवात करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सेवानिवृत्त इतिहास शिक्षिका
महाल, नागपूर